फडक्यात गुंडाळलेला अंगठा

जयपूर,
२० जून २०२५

थोरल्या जाऊबाईंना अनुसयेचा नमस्कार.

अनुसया कोण, म्हणून तुम्ही आता चष्मा शोधाल, तेव्हा आधीच सांगून टाकते. तुमच्या धाकट्या दिराची बायको. भुसावळला एका चुलीपुढे तुमच्या शेजारी बसून डोळे लाल करून घ्यायची, तीच. पुढे रेल्वेनं ह्यांची इकडे बदली केली आणि तुम्ही मला विसरायला मोकळ्या झालात. संक्रांतीपासून पत्र नाही. फोन करावा तर तुमचा कान साथ देत नाही, आणि पत्र लिहावं तर तुमची आठवण. चालायचंच. तुमच्या डोक्याला कामं फार.

हे लिहितेय आमची वरच्या खोलीतली भाडेकरीण, रूपाली. नवरा फौजेत, माहेर साताऱ्याचं. मी बोलेन तसं लिहायचं, मधे शहाणपणा करायचा नाही, असं ठरलंय.

आता कामाचं. आमच्या नंदूची मयूरी सीतापुऱ्याच्या कारखान्यात परदेशी बायकांच्या फ्रॉकचे साचे कापायची. ती नोकरी तिनं सोडली. आता स्वतःचा धंदा. शिवलेली नऊवारी. म्हणजे लुगडं नेसायचंच नाही, पायजम्यासारखं पायात चढवायचं, कमरेला इलॅस्टिक, झालं लुगडं. कापडावर इकडचे सांगानेरी ठसे. पुण्या-मुंबईच्या पोरी घेतात म्हणे. घेवोत.

काल तिनं कार्डं छापून आणली. मला अक्षर ओळखता येत नाही, पण नाक येतं. कार्डावर तुम्ही! जांभळं लुगडं, कमरेवर हात, जसं काही भुसावळ जंक्शन तुम्हीच बांधलंत. विचारलं, "वर काय लिहिलंय गं?" तर म्हणाली, "सुलोचना नऊवारी."

मे महिन्यात लग्नाला म्हणून तुमच्याकडे गेली आणि आठवडाभर राहिली, ते यासाठी तर. आल्यापासून एकच. "मोठी आजीचं नेसणं, मतलब, एकदम बढिया." मी हिच्या जन्मापासून हिच्यासमोर लुगड्यात वावरतेय. मी काय पोतं गुंडाळून फिरते?

आता गंमत ऐका. धंदा कागदावर आणायचाय. इथल्या झालाना भागातल्या सी.ए.नं तिला समजावलं की धंद्याची मालकीण ती एकटी. भागीदार नाही, कोणी नाही. नफा तिचा, बुडालं तरी तिचं. मी जन्मात कशाची एकटी मालकीण झाले नाही. झाले ती या घराची, तीही हे गेल्यावर. आणि तिथंच पोरीचं अडलं. धंदा घरातून चालणार, तर "माझी हरकत नाही" असं घरमालकिणीनं लिहून द्यायचं. म्हणजे माझा अंगठा. त्याशिवाय जीएसटीचा नंबर नाही, आणि नंबर नसला तर राजस्थानाबाहेर माल पाठवता येत नाही. इथं जयपुरात नऊवारी घेणार कोण? उंट?

मी कालच अंगठ्याला फडकं गुंडाळलं. विळीवर कापला म्हणून सांगितलं. "दुसरा दे की आजी," म्हणाली. म्हटलं, बँकेत हाच आहे, दुसरा कोणी ओळखत नाही.

रूपाली म्हणतेय, आजी, हे बरं नाही. रूपाली, तू लिही.

तुम्ही त्या पोरीवर काय जादू केलीत, तेवढं कळवा.

तुमची,
अनुसया

*

भुसावळ,
१ जुलै २०२५

चि. अनुसया हिला सुलोचनाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. रूपालीचे अक्षर छान आहे. मजकूर तुझा आहे, त्याला ती काय करणार.

मी काही मागायला गेले नव्हते. मयूरीनेच म्हटले, मोठी आजी, नेसून दाखव. मी दाखवले. मग रोज सकाळी मला आरशापुढे उभी करायची, तोंडात टाचण्या धरून माझ्याभोवती फिरायची, वर्तमानपत्राच्या कागदावर साचे कापायची. काष्टा कुठून घेतेस, ओचा किती सोडतेस, एक ना दोन. माझ्या सख्ख्या सुनांनी कधी एवढे विचारले नाही. नावाचे मात्र मला खरेच ठाऊक नव्हते. कार्डे आली तेव्हा कळले. एक शेजारच्या महाजनबाईंनी मागून नेले आहे, अजून परत केलेले नाही. मी फ्रेमबिम काही केलेली नाही. दुसरे देवघराच्या फळीवर नुसते ठेवले आहे.

आपल्या सासूबाई म्हणायच्या, थोरलीचे नेसणे चित्रासारखे. हे मी सहज लिहिले. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अंगठ्याला हळद लाव. आणि पोरीला सही दे, म्हणजे अंगठा दे. तिच्या वयात आपल्याला कोणी मालकीण म्हटले नाही. तिला म्हणत आहेत तर म्हणू दे.

तुझी,
सुलोचना

*

जयपूर,
१० जुलै २०२५

जाऊबाई,

सासूबाईंचं वाक्य सहज लिहिलंत, हे वाचून बरं वाटलं. मलाही सहजच तीन रात्री झोप नाही.

फडकं अजून आहे. मयूरी रोज सकाळी विचारते, "आजी, बघू जखम." मी म्हणते, उघडी केली तर हवा लागेल. ती स्कूटरवरून झालान्याला जाते, येते. सी.ए. म्हणतो, बाकी सगळं तयार आहे, आजींचं पत्र आणा. नंदू मधे पडायला आला होता. त्याला म्हटलं, तुझ्या बापानं घर माझ्या नावावर केलं ते तुझ्याशी बोलून केलं होतं का? गेला बिचारा पेपर वाचायला.

पण पोर गप्प बसणारी नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांची श्रावणात मंगळागौर आहे. रेल्वेतल्या, फौजेतल्या, सगळ्या जमतात. त्यांतल्या काहीजणींना ती तिची लुगडी घालायला देणार. आवडली तर त्याच बायका आपापल्या गावाकडून मागण्या आणून देतील, तोवर नंबरही मिळेल, असा तिचा हिशोब. दिवसभर मशीन चालू असतं. शेजारच्या होस्टेलातली कोचिंगची पोरं तक्रार करून गेली, आंटीजी, पढ़ाई नहीं होती.

परवा एक तयार लुगडं खाटेवर पसरलेलं होतं. घरात कोणी नव्हतं म्हणून मी हात लावून बघितलं. ठसा सुरेख. शिलाई सरळ. काष्टा मात्र ताठ, दोरीसारखा ओढून शिवलेला. दोन पायांमधे, बसायच्या शिवणीला, जराही ढिलाई नाही. उभं राहिलं तर चित्रासारखं. खाली मांडी घालून बसलं तर काय होईल, ते मी मनातल्या मनात बघितलं आणि लुगडं होतं तसं ठेवून दिलं.

बोलले नाही. मला कोणी विचारलंय का? तिनं विचारलं तुम्हाला.

तेव्हा मीही तुम्हाला विचारते, जाऊबाई. तुम्ही हल्ली जमिनीवर बसता का हो?

अनुसया

(मोठ्या आजी, मी हे सगळं लिहिलं, पण मला पटलेलं नाही. रूपाली. हे आजींना वाचून दाखवलेलं नाही.)

*

भुसावळ,
२१ जुलै २०२५

चि. अनुसया,

हा काय प्रश्न झाला? मी रोज पाटावर बसून जेवते. परवा तुळशीपुढे बसून चातुर्मासाची पोथी वाचली, उठताना कोणाचा हात घेतला नाही. तुझ्यापेक्षा मी थोरली आहे, म्हातारी नाही.

लुगड्यात काही खोट दिसत असेल तर ती पोरीला सांग, मला कशाला विचारतेस? माझे नेसणे गेली साठ वर्षे सुटलेले नाही.

पाऊस बरा आहे. अधिक काय लिहू.

सुलोचना

*

जयपूर,
७ ऑगस्ट २०२५

जाऊबाई,

रूपाली पंचमीला माहेरी गेलीय ती अजून आली नाही. नंदूला सांगावं तर तो चार ओळींत पत्र संपवतो. आणि मला तर आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हे मयूरी लिहितेय. मराठी लिहायची तिला सवय नाही, चुका दिसल्या तर त्या तिच्या.

(मोठी आजी, नमस्ते. मी मयूरी. आजी बोलते तसं लिहिते.)

मंगळवारी मंगळागौर झाली. आमच्या मयूरीची सहा लुगडी सहा जणींनी घातली होती. आल्या तेव्हा सगळ्यांनी वा वा केली. फोटो काढले. उभ्याउभ्यानं पूजा झाली तोवर तुमचं नाव चाललं होतं. मग त्या खेळायला लागल्या, आणि फुगडीनंतर दमून खाली मांड्या घालून बसल्या. आधी एक टर्र झालं. मग दुसरं. कर्नलसाहेबांची बायको बसली ती पदरानं मागचं झाकत उठली आणि भिंतीला पाठ लावून घरापर्यंत गेली. चार लुगडी फाटली. उरलेल्या दोघी बसल्याच नाहीत म्हणून वाचल्या.

(हे खरं आहे. मी तिथेच होते.)

लिही गं, थांबू नकोस. तर जाऊबाई, तुम्ही मला खोटं लिहिलंत. पाटावर बसते म्हणालात. पाटावर बसणाऱ्या बाईचा काष्टा असा नसतो. ती बसायच्या जागी कापडाचा झोळ सोडते, तो हातालाच कळतो. तुमचं हे खुर्चीवरचं नेसणं आहे. मी ते महिन्यापूर्वी ओळखलं होतं, तुम्हाला विचारलंही होतं

(मोठी आजी, इथे मी पेन ठेवला. आजीला विचारलं, तुला एक महिना आधी माहीत होतं? आजी म्हणाली, लिही. मी म्हटलं, पहले बता. आजी म्हणाली, खाटेवर पसरलं होतं तेव्हा बघितलं. मी म्हटलं, मग बोलली का नाही? आजी म्हणाली, तू मला विचारलं होतंस का?)

ही काय लिहितेय इतका वेळ? मी एवढं बोलले नाही.

(आजीला वाचता येत नाही, तर हे फक्त तुमच्यासाठी. मी आजीला विचारलं होतं. सगळ्यांत आधी, होळीनंतर. म्हटलं, आजी, तू नेसतेस ते मला बघू दे, मी साचा काढते. ती म्हणाली, शिवलेलं लुगडं बाहुलीला घाल, माझ्या लुगड्याला हात लावायचा नाही. ती नेसताना दार बंद करते, कडी लावते. मी लहानपणापासून एकदा पण पाहिलं नाही. तुम्ही हात लावू दिला, म्हणून तुमचं नाव दिलं. एवढंच होतं. कोणाला जलवायला नाही.

तुमच्यावर मी नाराज नाही. पण आता बस्स. चार बायकांची माफी मागून आले. जुन्या मॅनेजरला फोन केला, ते म्हणाले सोमवारपासून नको, एक तारखेला जागा आहे, ये. मी हो म्हटलंय. घरी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही पण सांगू नका, प्लीज.)

झालं का? मग लिही, की मला तुमच्यावर हसू आलं. पोट धरून हसले म्हणावं. तुमची,
अनुसया

(आजी हसली नाही.)

*

भुसावळ,
१६ ऑगस्ट २०२५

चि. अनुसया,

पाकिटावर लिहिले आहे तसे हे पत्र रूपाली परत आल्यावर तिच्याकडूनच वाचून घे. मयूरीकडून नको.

माझे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले. जेवण टेबलावर, पोथी खुर्चीवर, देवाला नमस्कारही उभ्यानेच. तुला कळवले नाही, कारण तू रूपालीला सांगून त्यावर दोन पाने लिहिली असतीस. तिकडे तू टुणटुण उठतेस-बसतेस हे मला नंदू फोनवर ओरडून सांगतो. मला नीट ऐकू येत नाही तेच बरे.

मयूरी एकदा म्हणाली होती, मोठी आजी, आता खाली बसून दाखव. मी म्हटले, बसल्यावर सगळी लुगडी सारखीच दिसतात. हेही मी तुला सांगितले नसते. पण पोरगी माझ्या पायाशी बसली होती, तोंडात टाचण्या, वर बघून हसत होती. मी बसू शकत नाही म्हटले असते तर ती म्हणाली असती, मग मी आजीकडेच जाते. आणि गेली असती. तुझ्याकडे ती रोज आहे, अनुसया. सकाळी चहा आहे, संध्याकाळी स्कूटरचा आवाज आहे. मला लिहिता येते म्हणून तू आयुष्यभर माझ्यावर जळलीस. माझ्या लिहिण्याचे मी काय करते? तुला पत्रे लिहिते. तुझ्या घरात ती पोर आहे.

तिने तुझ्या नकळत मला दोन गोष्टी लिहिल्या. सांगू नका म्हणाली, म्हणून सांगते. एक, तिने आधी तुलाच विचारले होते आणि तू तिला बाहुलीकडे पाठवलेस. दोन, एक तारखेपासून ती पुन्हा सीतापुऱ्याला फ्रॉक कापायला जाणार आहे. हो म्हणून आली आहे.

नाव बदलून घ्या. अनुसया नऊवारी करा. माझी हरकत नाही, तसे लिहून देते. सही करते.

सुलोचना

*

जयपूर,
२५ ऑगस्ट २०२५

जाऊबाई,

रूपाली आली. पत्र वाचलं. सीतापुऱ्याची ओळ मी तिला दोनदा वाचायला लावली, दुसऱ्यांदा तरी वेगळं निघेल म्हणून.

बाहुलीचं मी बोलले होते. विसरले नव्हते. तिनं दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, एवढंच मी धरून बसले होते. आमच्या काळी दुसऱ्यांदा विचारायचे. हिला कोण सांगणार?

आणि दाराची कडी. तुम्हाला ठाऊक आहे ती कशासाठी. मी नवी नवरी होते, तुमच्या शेजारी उभी राहून नेसायची, आणि सासूबाई दारातून म्हणायच्या, थोरलीकडे बघ, थोरलीसारखं घे. त्या दिवसापासून मी नेसताना कोणाला आत घेतलं नाही. इतकी वर्षं कडी लावून मी तुमच्यापेक्षा बरं नेसतेय आणि हे एकट्या कपाटाला माहीत.

पत्र ऐकलं त्या दिवशी मयूरी माझ्याशी बोलतच नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, जायची. मी तिच्या खोलीत गेले. ती कागदाचे साचे गुंडाळून दोरी बांधत होती. मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हटलं, "टाचण्या आण."

"कशाला?"

"आंधळी आहेस का? बसलेय मी. बघ कुठं ताणतंय ते."

"मला नाही बघायचं, आजी. तू महिनाभर बघत होतीस ना, तूच बघ."

तोंडावर बोलली. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. नंदूला आयुष्यात एवढं जमलं नाही. मी उठले नाही. तिनं दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मी आपली बसलेली. शेवटी म्हणाली, "जरा वळ." मग गुडघ्यांवर आली. मी उठले, बसले, वाकले, पुन्हा बसले. म्हटलं, दार लावू नकोस, राहू दे उघडं. नेसलेलं सोडून पहिल्यापासून नेसून दाखवलं. काष्टा मागं खोचायच्या आधी मी पाय जरा फाकवून वाकते आणि मग कापड ओढते. तेवढ्यानं झोळ राहतो. ती बराच वेळ नुसती बघत होती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "आजी, तुझं तर मोठ्या आजीपेक्षा..." आणि तिथंच थांबली. पुढचं वाक्य मी मागितलं नाही. नुसतं तेवढ्यावर मला आता दहा वर्षं जगता येईल.

नवा साचा कापला. बसायच्या शिवणीत चौकोनी तुकडा घातलाय, तो वरून दिसत नाही. कर्नलीणबाईंना घरी बोलावलं, घालायला लावलं, जमिनीवर बसवलं. फुगडी मात्र माझ्याशी घालायला लावली. त्या दमल्या.

फडकं सोडलं तेव्हा मयूरी म्हणाली, "वा, डाग पण नाही." मी म्हटलं, हळद लावली होती, तुझ्या मोठ्या आजीनं सांगितलेली. शाईचा डबा आला. कागद झाला. रूपाली साक्षीदार. मॅनेजरला मयूरीनं फोन करून नाही म्हटलं, मी शेजारी बसून ऐकलं. सी.ए. म्हणतो, आता नंबर येईल.

आता नावाचं. मयूरीनं स्वतःहून विचारलं, बदलू का. रूपालीनं माझं नाव कागदावर मोठं लिहून दाखवलं. कसं दिसतं ते बघून घेतलं. बरं दिसतं. पण बदलू नको म्हटलं. जाऊबाई, तुम्ही नाव सोडायला इतक्या पटकन तयार झालात की मला संशय आला. तुम्ही मोठेपणा घ्यायचा आणि मी नाव घ्यायचं? मोठेपणा मीच घेते. सुलोचना नऊवारीच राहू दे. एखादं फाटलं तर तुमच्या नावानं फाटेल. टिकलं तर मयूरी सगळ्यांना सांगणार आहे की साचा धाकट्या आजीचा. तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

कार्ड मात्र नवं छापलं. तुमचा फोटो तोच, उभ्या, कमरेवर हात. शेजारी मी, जमिनीवर मांडी घालून, पाठ ताठ. माझ्या पुढ्यात ताट असतं तर बघणाऱ्याला वाटलं असतं, तुम्ही मला वाढायला उभ्या आहात. मयूरीला ताट ठेव म्हटलं होतं, तिनं ऐकलं नाही.

गुडघ्यांचं आधी कळवायचं होतं. हसले असते, पण तेल पाठवलं असतं. पंचमीला नाही जमलं, दिवाळीला येते तिकडे. मयूरी पण येईल म्हणते. तुमच्याकडे चार दिवस राहील. चारच. मी मोजेन.

रूपाली विचारतेय, आजी, तुम्ही अजून जळताच का? हो म्हणून लिही.

नंदूच्या ऑफिसातला माणूस येत्या आठवड्यात भुसावळवरून गाडीनं येतोय. त्याच्याबरोबर ज्वारीच्या बिबड्या पाठवा, लसूण-तीळ घातलेल्या, आणि पातळ थापलेल्या. मागच्या वेळी जाड होत्या, तळल्या तरी मधे कच्च्या राहिल्या. भाकरीला कळण्याचं पीठ दोन किलो. पिशवीवर मयूरीचं नाव घालू नका. माझं घाला, मोठ्या अक्षरात. मला वाचता येत नसलं तरी तिला येतं.

तुमची,
अनुसया